चाप हलका करण्याआधी

रविवारी सकाळी माझा मावसभाऊ आला, पोह्यांची बशी पुढे ओढली आणि खिशातून एक चपटं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत प्लॅस्टिकच्या पुडीत तीन स्प्रिंगा, एक वाकवलेली पोलादी पट्टी आणि लाल रंगाचा ॲल्युमिनियमचा चाप. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘३.५ पौंड’. त्याच्या ग्लॉक पिस्तुलाचा कारखान्यातून आलेला चाप, म्हणजे गोळी सोडायला बोटानं ओढायचा खटका, साडेपाच पौंडांचा; तो ओढायला अडीच किलोचा जोर लागतो. तो साडेतीनवर आणायचा बेत होता.

“ताई, तू पिस्तूल शूटर ना? बसवून दे की. नेम सुधारतो म्हणतात.”

“नाही.”

“अगं, पण तू स्वतः अर्ध्या किलोच्या चापानं खेळायचीस!”

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, म्हणून उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. तेच उत्तर इथे सविस्तर लिहिते आहे. हा प्रश्न आता एकट्या त्याचा राहिलेला नाही. इथे अमेरिकेत, टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-प्लेनो-ॲलनच्या पट्ट्यात, आपल्या माणसांच्या घरांत पिस्तुलं आली आहेत. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला फेडरल कायद्यानं बंदी आहे (शिकारीच्या परवान्याची एक पळवाट सोडली तर). त्यामुळे ग्रीन कार्ड हातात पडलं की पहिल्या वर्षात घर, दुसऱ्या वर्षात पिस्तूल, असा क्रम काही घरांत मी पाहिला आहे. यावर हसायचं कारण नाही. २०१७ साली कॅन्ससमधल्या ओलेथला एका बारमध्ये ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असं ओरडत एकानं भारतीय इंजिनिअरला मारलं. मे २०२३ मध्ये आमच्या घरापासून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवरच्या ॲलनच्या मॉलमध्ये आठ माणसं मारली गेली, त्यांत एक हैदराबादची मुलगी होती. त्या मॉलमध्ये आम्ही मुलांचे बूट घेतो. भीतीला कारण आहे. पिस्तूल घ्यावं की नाही हा वाद मी आज घालत नाही. घेतलंच असेल तर त्याच्या चापाला हात लावावा का, एवढ्यापुरतं बोलते.

आधी अर्ध्या किलोच्या चापाबद्दल.

२०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली, त्या वर्षी मी कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर जायला लागले. दहा मीटर एअर पिस्तूल. लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. स्पर्धेआधी पिस्तुलाची तपासणी होते. नळी सरळ वर करून पिस्तूल धरायचं, चापाला ५०० ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि हळूहळू उचलायचं. वजन जमिनीवरून सुटलं आणि चाप तसाच राहिला, तर पास. ‘खट्’ झालं तर बाहेर जाऊन स्क्रू फिरवून परत रांगेत. पहिल्या स्पर्धेत माझं दोनदा ‘खट्’ झालं होतं. तिसऱ्यांदा रांगेत उभी राहिले तेव्हा मागची मुलगी म्हणाली, “सुपारी खायाला दे त्याला, धीर धरंल.”

तो चाप खरोखर हलका असतो. विचार केला आणि सुटली, इतका. तरीही रेंजवर कुणाला इजा झाली असं मी माझ्या पाच वर्षांत पाहिलं नाही, कारण चापाचं हलकेपण तिथं बाकी सगळ्यानं तोलून धरलेलं असतं. ‘लोड’ म्हटल्याशिवाय छर्रा भरायचा नाही. ‘स्टॉप’ म्हटलं की बोट बाहेर. खाली ठेवलेल्या पिस्तुलाच्या नळीत भडक रंगाची दोरी, आत छर्रा नसल्याची खूण. समोर माणूस नाही, कागद आहे. वेळ माझा आहे. नको वाटलं तर हात खाली घेऊन पुन्हा श्वास घ्यायची मुभा आहे, आणि चांगले नेमबाज ती सढळ हातानं वापरतात. शिवाय हे हवेवर चालणारं पिस्तूल. राही सरनोबतनं ज्या प्रकारात २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं त्या २५ मीटर पिस्तुलात, जिथं खरं काडतूस असतं, तिथं नियमच चापाचं किमान वजन दुप्पट करतो, एक किलो. जगातल्या सगळ्यात शिस्तीच्या जागीसुद्धा या काडतुसाच्या पिस्तुलाचा चाप एअर पिस्तुलापेक्षा जड ठेवतात, हे माझ्या भावाला ठाऊक नव्हतं.

आता त्याची बाजू. ती कमकुवत नाही.

भरलेलं ग्लॉक पिस्तूल साधारण नऊशे ग्रॅमचं. त्यावर अडीच किलोचा जोर एका बोटानं लावायचा, म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट, आणि तोही ती जराही न हलवता. हे अवघड आहेच. चाप जड, खरखरीत किंवा अडकत चालणारा असेल तर शेवटच्या क्षणी नळी बाजूला ओढली जाते. याचा हिशोब घरी कागदावर मांडता येतो. त्या पिस्तुलाच्या, नेम धरायला वर बसवलेल्या, पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर सुमारे १६५ मिलिमीटर. पुढची साइट तीन मिलिमीटर हलली तर ७ यार्डांवर, म्हणजे सहा-साडेसहा मीटरवर, गोळी जवळपास बारा सेंटिमीटर सरकते. २५ यार्डांवर तीच चूक चाळीस सेंटिमीटरची होते. कागदावर नंबर काढणाऱ्याला हे फार मोठं आहे. त्यामुळे स्पर्धेत उतरणारे चाप घासूनपुसून घेतात, त्यात मला काही गैर दिसत नाही. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे, ज्यांचा हात लहान आहे, त्यांना जड चाप खरोखर ओढवत नाही, हेही मी पाहिलं आहे.

पण संरक्षणाची गोळी २५ यार्डांवर सुटत नाही. टेक्ससमध्ये पिस्तूल सोबत बाळगायच्या परवान्याची नेमबाजी परीक्षा मी दिली आहे. पन्नास गोळ्या: वीस ३ यार्डांवरून, वीस ७ यार्डांवरून, दहा १५ यार्डांवरून. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. पन्नासपैकी चाळीस गोळ्या एका मोठ्या खोलीच्या लांबीत. परीक्षा ठरवणाऱ्यांनी प्रसंग कुठं घडतात ते बघूनच हे ठरवलं असणार. या अंतरावर साडेपाच पौंडांचा चाप कुणाचा नेम चुकवत नाही. चुकवतं ते दुसरंच काहीतरी.

ते काय, हे मी भावाला पोहे संपल्यावर रेंजवर नेऊन दाखवलं. त्याच्या मॅगझिनमध्ये त्याच्या नकळत दोन डमी काडतुसं मिसळली. खरी गोळी सुटते तेव्हा धक्क्यात काहीच दिसत नाही. डमी आली की आवाज होत नाही, पिस्तुलानं स्थिर राहायला हवं. चौथ्या वेळी डमी आली. ‘टिक्’ असा आवाज झाला आणि नळीनं सपकन खाली मान घातली, दोन बोटं तरी. आवाज आणि धक्का येणार या धास्तीनं मनगट आधीच खाली ढकलत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी आढ्याकडे पाहिलं. साडेतीन पौंडांचा चाप बसवला असता तरी ती मान तशीच खाली गेली असती, फक्त जरा लवकर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

इथं कुणी म्हणेल, मग चाप जितका जड तितका बरा. हा प्रयोग एका मोठ्या शहरानं करून पाहिला आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी रिव्हॉल्वर सोडून अर्धस्वयंचलित पिस्तुलं घेतली तेव्हा रिव्हॉल्वरच्या लांब, जड ओढीची सवय लागलेली बोटं हलक्या चापावर घसरतील, या भीतीनं त्यात मुद्दाम जड स्प्रिंग बसवली. ओढ जवळजवळ १२ पौंड, साडेपाच किलोच्या आसपास. नऊशे ग्रॅमच्या वस्तूवर तिच्या सहापट जोर. २००८ मध्ये रँड या संशोधन संस्थेनं या पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास केला. १९९८ ते २००६ या काळात, समोरूनही गोळ्या येत असतील अशा चकमकींत पोलिसांच्या १०० पैकी १८ गोळ्या लागल्या होत्या, आणि समोरून गोळीबार नसताना ३०. अर्थात याचं सगळं खापर चापावर फोडता येत नाही. भीती, अंधार, पळता माणूस, सराव नसणं, हे सगळं त्या आकड्यात आहे. मग २४ ऑगस्ट २०१२ ला एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या दारात दोन पोलिसांनी एका खुन्यावर दहा फुटांच्या आसपासच्या अंतरावरून सोळा गोळ्या झाडल्या. तो मेला. पण रस्त्यावरची नऊ माणसं पोलिसांच्या गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाली. त्यानंतर १२ पौंडांच्या चापावर बरीच चर्चा झाली, आणि २०२१ मध्ये नव्या भरतीला हलक्या चापाची पिस्तुलं द्यायचं ठरलं. म्हणजे जड चाप ही जादूची कांडी नाही, हे मी आधीच मान्य करते. माझं म्हणणं कारखान्यानं ठरवलेल्या मधल्या जागेबद्दल आहे.

आणि जड चापानं अपघात थांबतो का? नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या एका सरकारी वसाहतीतल्या अंधाऱ्या जिन्यात एक नवखा पोलीस पिस्तूल हातात घेऊन दार ढकलत होता. त्याच्या पिस्तुलाचा चाप साडेअकरा पौंडांचा. गोळी सुटली, भिंतीवर आपटली आणि खालच्या जिन्यावर उभ्या असलेल्या अकाय गर्ली या २८ वर्षांच्या निःशस्त्र माणसाला लागली. तो मेला. पुढचा भाग मला विलक्षण वाटतो. खटल्यात ते पिस्तूल ज्युरीच्या हातात दिलं गेलं आणि त्या सामान्य माणसांनी एकेक करून चाप ओढून पाहिला. दचकून चुकून ओढला गेला, असं पोलिसाचं म्हणणं होतं. ज्युरींना हाताला लागलं ते असं की हा चाप सहज ओढला जाण्यातला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी त्याला दोषी ठरवलं. न्यायाधीशांनी एप्रिलमध्ये गुन्ह्याचं कलम सौम्य केलं, तुरुंगवास टळला.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. घाबरलेल्या माणसाची मूठ साडेअकरा पौंडही ओढू शकते. आणि चापाचं वजन कोर्टात वस्तू म्हणून हजर होतं, हातात घेऊन तपासलं जातं.

मग साडेतीन पौंडांचं काय होईल?

याचं उत्तर जुन्या रिव्हॉल्वरच्या खटल्यांत आहे. रिव्हॉल्वरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा भाग, अंगठ्यानं मागे ओढून ठेवला की दहा-बारा पौंडांचा चाप तीन-चार पौंडांवर येतो. डिसेंबर १९८२ मध्ये मायामीच्या ओव्हरटाउन भागातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात एका पोलिसाच्या गोळीनं एक कृष्णवर्णीय तरुण मेला, शहरात दंगल उसळली. त्या पोलिसानं घोडा मागे ओढून चाप हलका करून ठेवला होता, असा सरकारी बाजूचा आरोप होता. १९८४ मध्ये तो निर्दोष सुटला, पण त्याआधी त्याला दीर्घ खटला भोगावा लागला. १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गाडीला गाडी घासल्याच्या भांडणात एकानं जाऊन रिव्हॉल्वर आणलं, घोडा ओढला, पवित्रा घेतला आणि गोळी सुटली. समोरचा माणूस मेला. ‘मी मारायला झाडली नाही, सुटली’ हे म्हणणं त्याला वाचवू शकलं नाही. १९८६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याची सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली.

स्वसंरक्षणाचा बचाव म्हणजे ‘होय, मी मारलं, जाणूनबुजून मारलं, कारण नाहीतर मी मेलो असतो’ असा कबुलीजबाब असतो. त्यात ‘चुकून’ला जागा नाही. समोरच्या वकिलाला तुमचा कबुलीजबाब मोडायचा असेल तर सोपा रस्ता म्हणजे गोळी तुम्ही झाडलीच नाही, तुमच्या हलक्या केलेल्या चापामुळे सुटली, असं मांडणं. मग खटला हेतूचा न राहता निष्काळजीपणाचा होतो, आणि निष्काळजीपणाला हेतू सिद्ध करावा लागत नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात याला आणखी एक व्यवहारी कारण आहे, जे ऐकून माझा भाऊ पहिल्यांदा गंभीर झाला (तो विम्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये काम करतो). घराच्या विम्यात जाणूनबुजून केलेल्या कृत्याचे पैसे सहसा मिळत नाहीत, निष्काळजीपणाचे मिळू शकतात. म्हणजे मृताच्या घरच्यांच्या वकिलाला पैसे विमा कंपनीकडून काढायचे असतील तर तुमचं ‘जाणूनबुजून’ पुसून ‘निष्काळजी’ लिहिणं त्याच्या फायद्याचं आहे. टेक्ससमध्ये कायदेशीर स्वसंरक्षणात गोळी झाडणाऱ्याला दिवाणी दाव्यांपासून संरक्षण आहे. पण ते संरक्षण गोळीबार समर्थनीय ठरला तर. ‘ती चुकून सुटली’ असं दाखवण्यात कुणी यशस्वी झालं तर समर्थन कशाचं करणार? आणि लाल ॲल्युमिनियमचा चाप ज्युरीच्या हातात काय दिसेल, ते सांगायला वकील लागत नाही.

इथं मी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. रात्री दोन वाजता दार फोडून सुरा घेऊन आत आलेल्या माणसाला तुम्ही तुमच्याच खोलीत गोळी घातली, तर चाप साडेतीनचा होता की साडेपाचचा हे टेक्ससमध्ये कुणी बहुधा विचारणार नाही. चापाचा मुद्दा काढला जातो तो प्रसंग धूसर असेल तेव्हा. पार्किंगमधली बाचाबाची. हातात मोबाईल होता की चाकू, याबद्दल दोन साक्षीदारांची दोन मतं. ॲरिझोनात २००४ मध्ये डोंगरवाटेवर एका निवृत्त शिक्षकानं आपल्या अंगावर धावून आलेल्या माणसाला गोळ्या घातल्या. खटल्यात त्याच्या पिस्तुलाचा दहा मिलिमीटरचा बोअर आणि पोकळ टोकाच्या गोळ्या यांचा सरकारी बाजूनं मुद्दा केला. शिक्षा झाली, तीन वर्षं आत काढल्यावर २००९ मध्ये अपिलात ती रद्द झाली. ज्या गोळ्या पोलीसही वापरतात त्यांचा मुद्दा होऊ शकतो, तर घरच्या टेबलावर बदललेल्या चापाचा का होणार नाही? आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला आला तर असा धूसर प्रसंगच येईल. आणि त्या वेळी उच्चार वेगळे असलेला, घाबरलेला, सावळा माणूस समोर बारा ज्युरींना आपण विचारपूर्वक वागलो हे पटवत असेल. त्याच्याविरुद्ध आपल्याच हातानं पुरावा तयार करून ठेवायचा?

कोर्ट सोडा. माझं खरं कारण कोर्टाच्या आधीचं आहे.

ग्लॉकला बाहेरून लावायचा सेफ्टीचा खटका नसतो. आत तीन सुरक्षा असतात, पण त्या तिन्ही चाप मागे जाताना एकामागून एक सुटतात. पिस्तूल पडलं तर या तीन गोष्टी गोळी सुटू देत नाहीत. बोट, शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी चापाला लागली तर मात्र ‘हे हेतूनं आहे’ असंच यंत्र समजतं. पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, परत ठेवताना शर्ट आत अडकून स्वतःच्या मांडीत गोळी गेल्याच्या घटना या देशात होतात. अशा पिस्तुलात चापाची ओढ हीच सेफ्टी. तुम्ही दोन पौंड कमी करता तेव्हा नेमातून कमी करत नाही, सेफ्टीतून करता.

शरीराचंही तसंच. दचकलं की मूठ आवळते. तोल गेला की मूठ आवळते. एका हातानं कुणाला धरलं, दार ओढलं, मुलाला मागे खेचलं, की दुसरा हातही सोबतीला आवळतो. शरीरशास्त्राच्या अभ्यासकांनी या तिन्ही गोष्टी तपासलेल्या आहेत आणि पोलीस प्रशिक्षणात त्या शिकवतात. म्हणून तर नियम आहे, झाडायचं ठरेपर्यंत बोट चापावर नको. पण पुरेसा घाबरलेला माणूस बोट आत घालतोच, आणि घातलं हे त्याला कळतही नाही. रात्री जिन्यात पावलं वाजली आणि सावली दिसली, की पुढच्या सेकंदात ‘बाबा, मीच’ असा आवाज येऊ शकतो. त्या सेकंदात बोट थांबायला काही अंतर लागतं, काही अडथळा लागतो. मराठीत बंदुकीच्या खटक्यालाही चाप म्हणतात आणि एखाद्याला आवर घालण्यालाही चाप लावणं म्हणतात. हे दोन अर्थ एकत्र कसे आले कोण जाणे, मला ते सोयीचे पडतात.

मग सरकारनं यात पडावं का? मॅसॅच्युसेट्समध्ये ॲटर्नी जनरलचे नियम आहेत. दुकानदारानं विकायच्या पिस्तुलाचा चाप किमान दहा पौंडांचा, नाहीतर पाच वर्षांच्या सर्वसाधारण मुलाच्या हाताला ते चालवता येऊ नये अशी दुसरी सोय हवी. कंपन्या त्या राज्यासाठी जड चापाची वेगळी पिस्तुलं काढतात आणि गिऱ्हाईक ती घरी नेऊन हलकी करून घेतात. हेतू चांगला, पण लहान मुलं पिस्तूल उलटं धरून दोन अंगठ्यांनी चाप ढकलतात, त्यात बोटापेक्षा जास्त जोर असतो. मुलासाठी कुलूपबंद पेटीच हवी, त्याला स्प्रिंगचा पर्याय नाही. सुटे भाग विकण्यावर बंदी घालावी असंही मला वाटत नाही, कारण स्पर्धेचे लोक त्यात भरडले जातील. मला हवं आहे ते साधं आहे. परवान्याच्या वर्गात अर्धा तास या विषयाला द्यावा. सुटे भाग विकणाऱ्यांनी पाकिटावर ‘स्पर्धेसाठी’ असं छापावं, ‘संरक्षणासाठी अचूक’ असं नाही. मी ज्या वर्गाला बसले त्यात पार्किंगमध्ये पिस्तूल गाडीत कुठं ठेवावं यावर वीस मिनिटं झाली, चापावर एक वाक्य नाही. आणि सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये तो परवाना आणि तो वर्गही सक्तीचा राहिलेला नाही.

गावाकडे, भारतात, हा प्रश्न वेगळा आहे. शस्त्र कायद्यात दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, बाजारात पाकिटं मिळत नाहीत. पण परवान्याचं रिव्हॉल्वर वर्षानुवर्षं कपाटात आणि सराव शून्य, ही आपल्याकडची गत. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे कोलकात्याच्या विमानासाठी निघताना गोविंदाच्या पायाला त्याच्याच रिव्हॉल्वरची गोळी लागली, तेव्हा आठवडाभर विनोद चालले. ते हातातून पडलं आणि सुटलं, असं त्याच्या बाजूनं सांगितलं गेलं. विनोद करणाऱ्यांपैकी किती घरांत तसंच भरलेलं रिव्हॉल्वर गादीखाली आहे, कुणास ठाऊक.

भावाच्या त्या पाकिटाची किंमत शंभर डॉलरच्या पुढे होती. तेवढ्यात तीनशे गोळ्या आल्या असत्या, किंवा एका चांगल्या प्रशिक्षकाचे दोन तास. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “ताई, गोळ्या संपतात. पार्ट राहतो.” या वाक्यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. भीती कमी करायला काहीतरी विकत घ्यावंसं वाटतं, आणि घेतलेली वस्तू हातात धरता आली तर बरं वाटतं. मी स्वतः पहिल्या राष्ट्रीय निवड चाचणीआधी बाबांना हट्टानं नवीन ग्रिप घ्यायला लावली होती. गुण आधीच्याच इतके आले.

त्यानंतर आम्ही तीन रविवार गेलो. दर वेळी दहांत तीन डमी, कुठं आहेत ते मी भरायचे. पहिल्या रविवारी तिन्ही वेळा नळी खाली गेली. दुसऱ्या रविवारी दोनदा. काल एकदाच, आणि ती सुद्धा शेजारच्या लेनवर कुणीतरी शॉटगन उडवली म्हणून, असं त्याचं म्हणणं. ७ यार्डांवरचा त्याचा कागद त्यानं घडी करून खिशात घातला, गोळ्यांची भोकं माझ्या तळहाताखाली झाकली जात होती. पाकीट अजून परत पाठवलेलं नाही. गॅरेजमध्ये ड्रिलच्या शेजारी फडताळावर आहे, पुडी न फोडलेली, आणि परत करायची मुदत गुरुवारी संपते.